नवीन कर अधीक्षक झालात? दुकान-गाळ्यांची आकारणी कशी सांभाळायची ते पायरी पायरीने सांगतो

प्रमोशन झालं, वॉर्डातल्या बिगरनिवासी मालमत्तांची आकारणी तुमच्याकडे आली, हाताखाली चार लिपिक, दोन निरीक्षक आणि टेबलावर फायलींचा ढीग, आणि कोणी काही शिकवत नाही. आधीचा माणूस चार्ज देताना "काही अडलं तर फोन करा" म्हणतो आणि मग फोन उचलत नाही. म्हणून हे लिहितोय. मी हे सगळं महाराष्ट्रातल्या महानगरपालिकेच्या हिशोबाने सांगतोय म्हणजे महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम १९४९ आणि त्याच्यातलं अनुसूची ड मधलं कराधान नियमांचं प्रकरण ८. मुंबईचा कायदा वेगळा, १८८८ चा, तिथे १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर कर आहे. नगरपरिषदेत असाल तर १९६५ चा कायदा, तिथे प्राधिकृत मूल्यनिर्धारण अधिकारी असतो, पण मोजणी आणि सुनावणीच्या गोष्टी बहुतेक तशाच लागू पडतील.

सुरुवातीला एकच सांगतो, बाकी सगळं त्याच्याभोवतीच फिरतं. व्यापाऱ्याला कर जास्त आहे याचा राग येतो पण तो राग दोन दिवसांत जातो. शेजारच्या सेम गाळ्याला आपल्यापेक्षा कमी कर आहे हे कळलं की तो राग जन्मभर जात नाही, आणि जाऊही नये, कारण तिथे चूक आपली असते. तुमचं काम पालिकेचं उत्पन्न वाढवणं हे आहेच, पण त्याच्या आधी एका ओळीतल्या सारख्या दुकानांना सारखा कर लागतोय का हे बघणं.

पायरी १: आधी आकडा कसा तयार होतो ते स्वतःच्या हाताने करून बघा

कॉम्प्युटर गणित करतो म्हणून बऱ्याच जणांना ते येतच नाही. पहिल्या आठवड्यात दहा बिलं घ्या आणि कॅल्क्युलेटरवर करा. नियम ७ सांगतो की जागा वर्षभरासाठी भाड्याने दिली तर वाजवीपणे जेवढं भाडं यायची अपेक्षा आहे ते वार्षिक भाडं धरायचं, त्यातून दुरुस्ती वगैरे सगळ्यासाठी १० टक्के वजा करायचे, उरलं ते करयोग्य मूल्य. प्रत्यक्षात आपण झोननिहाय दर वापरतो. समजा गाळा २० चौरस मीटर, त्या झोनमध्ये आरसीसी बिगरनिवासीचा दर महिना चौरस मीटरला ६० रुपये. २० गुणिले ६० म्हणजे १२००, बारा महिन्यांचे १४,४००, त्यातून १,४४० गेले, करयोग्य मूल्य १२,९६०. यावर सर्वसाधारण कर, पाणीपट्टीचे, मलप्रवाहाचे, अग्निशमनचे वगैरे जे तुमच्याकडे लागू असतील ते टक्के लागतात.

इथे एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा. टक्के ठरवणं हे तुमचं काम नाही, ते महासभेचं, आणि कलम ९९ प्रमाणे २० फेब्रुवारीच्या आत व्हायला लागतं. तुमच्या हातात फक्त क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार आणि झोन एवढंच आहे. लोक काउंटरवर येऊन "साहेब कर कमी करा" म्हणतात तेव्हा तुम्ही शांतपणे एवढंच म्हणायचं की चला, यातलं काय चुकलंय ते दाखवा. चुकलं असेल तर आपोआप कमी होईल.

आणखी एक, बिगरनिवासी शिक्का का महत्त्वाचा आहे. बिलात आपण राज्य सरकारचे कर पण गोळा करतो, १९६२ च्या कायद्याने शिक्षण कर आणि रोजगार हमी कर. शिक्षण कर घराला पण असतो आणि दुकानाला पण, दर वेगळे, पण रोजगार हमी कर फक्त बिगरनिवासीला लागतो. म्हणजे एखादं क्लिनिक किंवा क्लास तुमच्या रजिस्टरला निवासी म्हणून पडून राहिलं तर पालिकेचं नुकसान होतंच, वर शासनाचा पैसा पण बुडतो, आणि ऑडिटचा पॅरा (लेखी आक्षेप) निघतो तो नेमका याच्यावर.

पायरी २: रजिस्टर आणि रस्ता यांची गाठ घाला

कार्यालयात बसून यादी तपासता येते पण अर्धीच. तरी आधी अर्धी तरी करून घ्या. नगररचना विभागाकडून गेल्या तीन-चार वर्षांतल्या भोगवटा प्रमाणपत्रांची यादी मागा, लेखी मागा, तोंडी मागितली की येत नाही. महावितरणकडून तुमच्या वॉर्डातले वाणिज्यिक मीटर, एलटी २ वाले. परवाना विभागाचे परवाने. फायर एनओसीची यादी, तिच्यात हॉस्पिटल, हॉटेल, मंगल कार्यालयं, कोचिंग क्लास असे मोठे मासे असतात. दुय्यम निबंधकाकडची भाडेकरारांची माहिती. दुकान कायद्याची नोंद कामाला येते पण लक्षात ठेवा २०१७ च्या कायद्यानंतर कामगार थोडे असले की नुसती सूचना द्यायची असते, त्यामुळे छोटी दुकानं तिच्यात सापडतीलच असं नाही.

हे सगळं एक्सेलमध्ये घ्या, मालमत्ता क्रमांक जुळवा, जे जुळत नाही ती तुमची फिरण्याची यादी. मात्र यादीवरून थेट नोटीस काढू नका, हा मोह फार होतो. मीटर कमर्शिअल आहे पण भाडेकरू दोन वर्षांपूर्वी गेला आणि घरमालकीणबाई आता तिथे स्वतः राहतात असं हमखास निघतं. आणि उलट, मीटर घरगुती आणि आत ब्युटी पार्लर, हेही निघतं. यादी फक्त सांगते की कुठे जाऊन बघायचं.

पायरी ३: मोजायला स्वतः जा, ही पायरी सगळ्यात मोठी आहे

माझं स्वतःचं सांगतो. अधीक्षक झाल्यावर पहिल्याच मार्चला एका मार्केटमधल्या ४६ गाळ्यांची मोजणी पत्रकं माझ्यापुढे आली, मार्चची घाई, मी बसल्या जागी सह्या केल्या. मे महिन्यात सुनावणीला एक झेरॉक्सवाले काका आले, साधारण सत्तरीचे, हातात प्लॅस्टिकची पिशवी, पिशवीत दोन बिलं. एक त्यांचं, एक शेजारच्या मोबाईलवाल्याचं. दोन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवली, वर आपला चष्म्याचा डबा ठेवला पंख्याने उडू नयेत म्हणून, आणि म्हणाले, "साहेब, भिंत एकच आहे दोघांच्यात. माझ्या बाजूने मोजली तर मोठी होती का?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी टेप घेऊन गेलो, ती बारा गाळ्यांची ओळ स्वतः मोजली, पाच चुकीचे निघाले. एका लिपिकाने शटरपासून मागच्या भिंतीपर्यंत धरलं होतं, दुसऱ्याने बाहेरचा ओटा आणि आतला पोटमाळा पण धरला होता. दोघांनीही मुद्दाम केलं नव्हतं. कोणी त्यांना कसं मोजायचं ते एकदाही एकत्र बसून सांगितलं नव्हतं, आणि ते सांगायचं काम माझं होतं.

तर, टीम बाहेर पडायच्या आधी एका पानावर लिहून द्या: बाहेरून मोजायचं की आतून, भिंतीची जाडी धरायची की नाही, ओटा धरायचा की नाही, पोटमाळा किती उंचीच्या वर धरायचा, कॉमन पॅसेज कसा वाटायचा. तुमच्या पालिकेचं परिपत्रक असेल तर त्याप्रमाणे, नसेल तर वरच्या साहेबांकडून टिपणीवर मंजूर करून घ्या. सगळ्यांनी तेच वापरायचं, बस. पद्धत कुठली निवडली याच्यापेक्षा सगळीकडे एकच आहे का हे महत्त्वाचं.

मोजताना:

लेझर मीटर घ्या पण एक साधी टेप पण ठेवा, काचेच्या दर्शनी भिंतीवर लेझर फसवतो.

हाताने नकाशा काढा, कच्चा चालेल, पण त्याच्यावर प्रत्येक बाजूचं माप, शटरची दिशा, पोटमाळ्याची शिडी कुठे आहे ते पाहिजे. सुनावणीत हा कागदच तुम्हाला वाचवतो.

फोटो जिओ टॅगवाला, बाहेरचा पाटी दिसेल असा आणि आतला.

मोजणी पत्रकावर दुकानात हजर असलेल्याची सही. नाही करत म्हणाला तर तसं लिहा आणि दोन पंचांच्या सह्या घ्या, भांडू नका.

आणि चौरस फूट की चौरस मीटर हे पत्रकावर छापून घ्या. हे मी कळकळीने सांगतोय. २०० चौरस फुटाचा गाळा म्हणजे १८.५८ चौरस मीटर. कोणीतरी डेटा एंट्रीत २०० तसंच चौरस मीटरच्या कॉलमात टाकतं आणि माणसाला पावणेअकरा पट बिल जातं. असं बिल बघून एखाद्याची रात्रीची झोप उडते आणि आपल्यासाठी ती "टायपिंग मिस्टेक" असते.

पोटमाळ्याबद्दल थोडं जास्त बोलतो कारण अर्धी भांडणं तिथेच. मालक नेहमी म्हणतो "वरती नुसतं सामान असतं साहेब". एकदा एका कापड दुकानात मी शिडीजवळ उभा राहिलो. लोखंडी शिडी, पण पायऱ्यांचा रंग मधोमध घासून चकचकीत झालेला, म्हणजे दिवसातून वीस-पंचवीस वेळा कोणीतरी वरखाली करतंय. वर गेलो तर दोन शिलाई मशीन, ट्यूबलाइट, छोटा पंखा आणि साड्यांना फॉल लावणाऱ्या तीन बायका. तो वापर आहे, त्याची आकारणी होते. आणि दुसऱ्या एका हार्डवेअरवाल्याकडे खरंच फक्त रिकामी खोकी होती, धुळीवर बोट फिरवलं तर रेघ उठत होती, उंची इतकी कमी की मी ताठ उभा राहू शकत नव्हतो, तिथे मी तसंच लिहिलं आणि सोडून दिलं. दोन्ही पत्रकांवर काय दिसलं ते दोन ओळींत लिहून ठेवलं. नुसतं "पोटमाळा आहे/नाही" असं लिहू नका, काय दिसलं ते लिहा.

आत जायचा अधिकार आणि माहिती मागायचा अधिकार नियम ८ देतो, पण अधिकार आहे म्हणून धडकन घुसायचं नाही. ओळखपत्र गळ्यात, गिऱ्हाईक असेल तर पाच मिनिटं थांबा, पार्लर किंवा दवाखाना असेल तर टीममध्ये एक महिला कर्मचारी असू द्या. सकाळी दुकान उघडतानाची वेळ आणि दिवाळीच्या आधीचे पंधरा दिवस टाळा, व्यापाऱ्याचं ते वर्ष असतं.

पायरी ४: दर लावताना भाडं कुठलं धरायचं

स्वतःच्या वापरातल्या दुकानाला झोनचा दर लावला की झालं. भाड्याने दिलेल्याला डोकं लागतं. तुमच्या पालिकेत प्रत्यक्ष भाड्यावर आकारणीचा ठराव असेल तर नोंदणीकृत लिव्ह अँड लायसन्स करार मागा, महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत असायलाच पाहिजे, त्यामुळे "तोंडी आहे" हे ऐकून घेऊ नका.

पण त्याच कायद्याची दुसरी बाजू पण बघायची. जुन्या पेठेत पागडीचे भाडेकरू असतात, महिना दीडशे-दोनशे भाडं. तिथे बाजारभाव लावून मोकळं होता येत नाही. सुप्रीम कोर्टाने १९७९ मध्ये देवान दौलत राय कपूर प्रकरणात स्पष्ट सांगितलं की भाडे नियंत्रण लागू असेल तिथे वाजवी भाडं हे प्रमाण भाड्याच्या (म्हणजे भाडे कायद्याने ठरणाऱ्या कमाल भाड्याच्या) वर जाऊ शकत नाही, ते कोर्टाकडून ठरवून घेतलेलं नसलं तरीही. आता त्याच इमारतीत तळमजल्यावर बँक असेल तर? त्याच भाडे नियंत्रण कायद्याचं कलम ३ बघा. बँका, सरकारी उपक्रम, आणि ज्यांचं भरणा झालेलं भागभांडवल १ कोटी किंवा त्याहून जास्त आहे अशा प्रायव्हेट आणि पब्लिक लिमिटेड कंपन्यांना हा कायदा संरक्षण देत नाही. म्हणजे एकाच जिन्याच्या एका बाजूला टेलर आणि दुसऱ्या बाजूला एटीएम, दोघांचं करयोग्य मूल्य वेगळं, आणि ते बरोबर आहे. पण हे का वेगळं आहे ते फाईलमध्ये लिहिलेलं पाहिजे, नाहीतर उद्या टेलर किंवा बँक दोघांपैकी एकजण येऊन विचारणार आणि तुमच्या जागी बसलेल्या नवीन माणसाला काही सांगता येणार नाही.

डिपॉझिट मोठं आणि भाडं नाममात्र असा करार आला की डिपॉझिटवर काल्पनिक व्याज धरायचा मोह होतो. विधी विभागाचं लेखी मत घेतल्याशिवाय हात लावू नका, यावर कोर्टात खूप भांडणं झालेली आहेत.

पायरी ५: विचित्र मालमत्ता

पहिल्या वर्षात ज्या अडवतात त्या थोडक्यात.

मोबाईल टॉवर: कंपन्या वर्षानुवर्षं म्हणत होत्या की ही इमारत नाही. सुप्रीम कोर्टाने १६ डिसेंबर २०१६ ला अहमदाबाद महापालिका विरुद्ध जीटीएल इन्फ्रास्ट्रक्चर प्रकरणात सांगितलं की राज्याच्या कर लावायच्या अधिकारापुरतं टॉवर "इमारत" या शब्दात बसतो. बिल काढा, पण टॉवरच्या कंपनीच्या नावाने आणि गच्चीच्या मालकाच्या नावाने असं दोनदा काढू नका, हे फार होतं आणि गच्चीच्या सोसायटीतले म्हातारे लोक घाबरून जातात.

पेट्रोल पंप: कॅनोपी, ऑफिस, दुकान, सर्व्हिस शेड आणि मोकळी जागा वेगवेगळी मोजा. टाक्यांवर वाद घालतील, पण तेल कंपनीच्या टाक्यांवर मुंबई महापालिकेच्या बाजूने सुप्रीम कोर्टाचा निकाल आहे, विधी विभागाकडून प्रत घेऊन फाईलला लावा.

कारखाने: शेड मोजा, मशिनरीची किंमत धरायची नाही. एमआयडीसीचा प्लॉट आहे म्हणून पालिकेचा कर लागत नाही असं सांगणारे भेटतील, हद्दीत असेल तर लागतो.

लॉन्स आणि मंगल कार्यालयं: हॉल, किचन, वधू-वरांच्या खोल्या, स्टेज, पार्किंग. मोकळं लॉन रजिस्टरला "खुली जागा" म्हणून अगदी कमी दरात बसलेलं असतं आणि तिथे लग्नसराईत दिवसाआड मांडव असतो. वापर बघा, नाव बघू नका. हंगामात एकदा संध्याकाळी आठ वाजता जाऊन या.

केंद्र सरकारच्या इमारती: घटनेच्या अनुच्छेद २८५ मुळे कर नाही, पण सेवाशुल्क आहे. २००९ च्या राजकोट महापालिकेच्या निकालानंतर ते मिळणाऱ्या सेवांप्रमाणे मालमत्ता कराच्या ७५ टक्के, ५० टक्के किंवा ३३⅓ टक्के असं ठरतं. करार केलेला नसेल तर करायला घ्या, पत्रव्यवहाराला वर्षं जातात.

मंदिर, ट्रस्ट, शाळा: कलम १३२ ची सूट सर्वसाधारण करापुरती आहे आणि पूजेसाठी किंवा धर्मादाय कामासाठी वापरात असलेल्या भागालाच. मंदिराच्या बाहेरचे दहा गाळे भाड्याने दिले असतील तर त्या गाळ्यांना सूट नाही. हे विश्वस्तांना नम्रपणे समजावून सांगा, बहुतेकांना ऐकल्यावर पटतं.

घरातलं दुकान: पुढच्या खोलीत किराणा आणि मागे संसार. फक्त ती खोली बिगरनिवासी. अख्खं घर कमर्शिअल करून टाकणारे निरीक्षक मी बघितलेत, वसुलीचा आकडा वाढतो म्हणून. असं तुमच्या हाताखाली होऊ देऊ नका.

पायरी ६: अनधिकृत बांधकाम

समोरच्या मार्जिनमध्ये पत्रा टाकून दुकान वाढवलंय, परवानगी नाही. आकारणी करायची का? करायची, आणि कलम २६७अ ची शास्ती (दंड) पण लागते, कराच्या दुप्पटीपर्यंत. कर भरला म्हणून बांधकाम अधिकृत होत नाही हे त्याच कलमात आहे, तरी लोक बिल दाखवून "पालिकेने मान्य केलंय" म्हणतात, म्हणून बिलावर ते वाक्य ठळक छापा. एक काळजी घ्या. शास्ती लावायच्या आधी अनधिकृत आहे हे बांधकाम विभागाकडून लेखी आलं पाहिजे. करविभागाच्या लिपिकाने नजरेने ठरवायचं नाही. मंजूर नकाशात असलेलं बांधकाम शास्तीत टाकलं की ती फाईल निस्तरायला दोन-दोन वर्षं जातात आणि तोवर त्या माणसावर थकबाकीचा शिक्का बसतो, बँक कर्ज देत नाही.

पायरी ७: नोटीस, हरकत, सुनावणी

करनिर्धारण पुस्तक (वॉर्डातल्या सगळ्या मालमत्तांच्या आकारणीची नोंदवही) तयार झालं की जाहीर नोटीस, आणि नवीन लागलेल्या किंवा मूल्य वाढलेल्या प्रत्येकाला नियम १५ खाली वेगळी विशेष नोटीस. पोच जपून ठेवा, कोर्टात पहिला प्रश्न तोच येतो. नोटिशीत नुसता अंतिम आकडा देऊ नका, जुनं क्षेत्र, नवीन क्षेत्र, वापर, दर हे सगळं द्या. कायदा एवढं मागत नसला तरी माझा अनुभव आहे की हिशोब उघडा दिला की निम्म्या हरकती येतच नाहीत आणि ज्या येतात त्या मुद्द्याच्या येतात.

वर्षाच्या मध्ये केलेली वाढ नियम २० खाली जाते आणि ती चालू अधिकृत वर्षातल्या तारखेपासूनच धरता येते. म्हणून मार्च गाठायच्या आत नोटीस पोचली पाहिजे, ३१ मार्च गेला की ते वर्ष हातातून गेलं. फेब्रुवारीत धावपळ करण्यापेक्षा वाढीव बांधकामाचं काम पावसाळा संपला की ऑक्टोबरपासून सुरू करा. नवीन पुस्तक दरवर्षी करायची गरज नसते, नियम २१ प्रमाणे चार वर्षांतून एकदा तरी करावंच लागतं.

सुनावणी तुम्ही घेत नसाल, वरचे अधिकारी घेत असतील, तरी फाईल तुम्हीच लावणार. प्रत्येक हरकतीला शेजारच्या तीन-चार सारख्या मालमत्तांचा तक्ता लावा, क्षेत्र, दर, करयोग्य मूल्य. झेरॉक्सवाल्या काकांनंतर मी हा नियमच केला. हरकतदार येण्याआधी आपणच ती तुलना करायची, फरक दिसला तर आपणच सांगायचं की हो, इथे चुकलंय.

निर्णय कारणांसह लिहा. "हरकत अमान्य" एवढ्या दोन शब्दांचा निर्णय हा निर्णय नसतो. त्याने काय म्हटलं, आपण काय तपासलं, जागेवर काय दिसलं, म्हणून काय ठरवलं. चार-पाच ओळी पुरतात. आणि कमी करताना तर दुप्पट काळजीने लिहा, कारण वाढवलेल्याची तक्रार मालक करतो पण कमी केलेल्याची तक्रार कोणी करत नाही, ती थेट लाचलुचपतवाल्यांकडे जाते.

हरकतदाराला पुढचा रस्ता पण सांगा, लपवू नका: कलम ४०६ खाली १५ दिवसांत न्यायाधीशांकडे अपील, पण आधी आपल्याकडे हरकत घेतलेली असली पाहिजे आणि कराची रक्कम भरलेली असली पाहिजे. बरेच छोटे दुकानदार रागाने हरकतच घेत नाहीत, थेट वकिलाकडे जातात, आणि दार बंद झालेलं असतं.

पायरी ८: हाताखालच्या माणसांची देखरेख

दहातल्या एका मोजणीची फेरतपासणी स्वतः करा, कुठली ते आधी सांगू नका. ज्या पत्रकात जुनं आणि नवीन क्षेत्र दशांशापर्यंत तंतोतंत सारखं आहे ती आधी उचला, तिथे बहुतेकदा कोणी गेलेलंच नसतं. दोन-तीन वर्षांनी लिपिकांच्या गल्ल्या बदला. एंट्री करणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, पासवर्ड कोणालाच द्यायचा नाही, सुट्टीवर असलात तरी. महिन्याला सिस्टीममधून ज्यांचं करयोग्य मूल्य कमी झालं त्यांची यादी काढा आणि प्रत्येकाची फाईल हातात घेऊन बघा, मला वाटतं एवढं एक काम केलं तरी निम्मी गडबड थांबते.

बाहेरची एजन्सी जीआयएस सर्व्हे (डिजिटल नकाशावरून मालमत्तांची पाहणी) करत असेल तर तिला मालमत्तेमागे पैसे मिळतात का वाढीव करामागे हे करारात वाचा. वाढीवर पैसे असतील तर ती मुलं जिना, डक्ट, सज्जा सगळं मोजणार. उन्हातान्हात फिरणारी ती मुलं वाईट नसतात, त्यांना टार्गेट असतं. त्यांचा डेटा तपासल्याशिवाय नोटिशीला जाऊ देऊ नका, मग वरून कितीही घाई असो.

नगरसेवकांचे, पुढाऱ्यांचे फोन येणार. चिडायचं नाही. "भाऊ, त्यांना लेखी हरकत द्यायला सांगा, मी स्वतः जागेवर जाऊन मोजतो" एवढंच म्हणा आणि खरंच जा. फोन आला म्हणून कमी करायचं नाही, आणि फोन आला म्हणून खऱ्या तक्रारीकडे दुर्लक्ष पण करायचं नाही, कारण कधीकधी तो माणूस खरंच बरोबर असतो आणि त्याला दुसरा रस्ता माहीत नसतो.

आणि लिपिकांना शिकवा. दर शनिवारी शक्य नसेल तर महिन्यातून एकदा, अर्धा तास, एकच फाईल सगळ्यांसमोर उघडायची आणि दोघांना वेगवेगळी मोजायला सांगायची. उत्तरं जुळली की पुढची.

पायरी ९: चार्ज देताना

तुमची बदली होणारच, तीन वर्षांत नाहीतर आधी. एक वही ठेवा, साधी दोनशे पानी. ज्या मालमत्तेत काही वेगळं केलं, पागडीचा भाडेकरू, अर्धवट वापर, कोर्टात चालू असलेलं प्रकरण, शास्तीचा वाद, त्या प्रत्येकीचा क्रमांक आणि का केलं ते दोन ओळीत. माझ्या वहीत पहिल्या पानावर त्या बारा गाळ्यांची ओळ आहे, प्रत्येकाचं माप आणि खाली मोजल्याची तारीख. ती वही पुढच्याच्या हातात द्या, पोच घ्या, आणि त्याचा फोन आला की उचला.